उडाला तर उडू दे

पुण्याच्या बुधवार पेठेतली तापकीर गल्ली किंवा मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड. फेब्रुवारी-मार्चचे दिवस, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची तारीख डोक्यावर आलेली. पाठीला सॅक आणि मोबाइलमध्ये सामानाची यादी घेऊन आलेला मुलगा काउंटरवर टेकतो आणि म्हणतो, "दादा, ईएसपी थर्टीटू दोन द्या." दोन कशाला, हे दुकानदार विचारत नाही. त्याला ठाऊक असतं. एक चालवायला, आणि दुसरा पहिला उडाला तर.

'उडणं' हे या बाजारातलं हुकमी क्रियापद आहे. आयसी उडते, रेग्युलेटर उडतो, डिस्प्ले उडतो. पाच व्होल्टची तार चुकून तीन पॉइंट तीन व्होल्टच्या पिनेला लागते, बोटाला चटका बसतो, एक विशिष्ट जळका वास नाकात शिरतो आणि बोर्ड उडालेला असतो. इलेक्ट्रॉनिक्समध्ये हात घातलेल्या प्रत्येकाला हा वास माहीत आहे. फरक एवढाच, की एका पिढीला त्या वासाने रडू आलं आणि पुढची पिढी सॅकमधून दुसरा बोर्ड काढते.

गेल्या पन्नास वर्षांत संगणक किती वेगवान झाले, याचे आकडे पुष्कळदा छापून येतात. घरच्या घरी काहीतरी बनवू पाहणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहिलं, तर त्याहून महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे: एक चूक केवढ्याला पडते? या हिशेबाने हार्डवेअरचा इतिहास वाचला, की ज्या ज्या वेळी चूक स्वस्त झाली, त्या त्या वेळी नवी माणसं या खेळात उतरली, असं दिसतं.

१९७५च्या जानेवारीत अमेरिकेतल्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर ८८००' हा घरी जोडायचा संगणक झळकला. सुट्या भागांचा संच ३९७ डॉलरला. त्यातली इंटेल ८०८० ही चिप सुटी घ्यायची, तर तिची छापील किंमत एकटीचीच ३६० डॉलर होती. मूळ संचात स्मृती २५६ बाइट. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या 'वेस्कॉन' प्रदर्शनाच्या वेळी मॉस टेक्नॉलॉजीच्या चक पेडल यांनी ६५०२ ही चिप २५ डॉलरला विकायला काढली. चिपांनी भरलेल्या काचेच्या बरण्याच टेबलावर मांडल्या होत्या. बरण्यांच्या तळाशी निकामी नग भरले होते, हे पेडल यांनी पुढे मोकळेपणाने सांगितलं. पण किंमत खरी होती. स्टीव्ह वॉझ्निअॅक यांनी याच ६५०२ भोवती आपला बोर्ड रचला आणि १९७६मध्ये त्याचा 'अॅपल-१' झाला. ३६० डॉलरची चिप समोर ठेवून पगारदार माणूस रात्री प्रयोग करत नाही. पंचवीस डॉलरची चिप असली, की करून पाहतो.

आज दुकानदार कागदी पुडीत घालून देतो तो ईएसपी३२चा बोर्ड चारशे-पाचशे रुपयांच्या आसपास मिळतो. आतल्या चिपमध्ये २४० मेगाहर्ट्झने चालणारे दोन गाभे, ५२० किलोबाइट स्मृती, शिवाय वाय-फाय आणि ब्लूटूथ. अल्टेअरच्या मूळ संचाच्या दोन हजार पट स्मृती, तीही नखाएवढ्या जागेत.

मधल्या काळात उत्तर इटलीतलं इव्रेआ गाव येतं. ऑलिवेत्ती टाइपरायटरचं हे गाव. तिथल्या एका डिझाइन संस्थेत मास्सिमो बान्झी शिकवत असत. विद्यार्थी इंजिनीअर नव्हते. त्यांना दिवे, मोटरी, स्पर्श ओळखणारी खेळणी बनवायची होती. त्यासाठी वापरात असलेला 'बेसिक स्टॅम्प' हा बोर्ड शंभर डॉलरच्या घरात जायचा. २००३मध्ये एर्नांदो बारागान या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी 'वायरिंग' नावाची सोपी व्यवस्था तयार केली. तिचा पाया घेऊन बान्झी, दाविद क्वार्तिएलेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५मध्ये आणखी स्वस्त बोर्ड बनवला. किमतीचं लक्ष्य तीस डॉलर, म्हणजे बाहेर एकदा पिझ्झा जेवायला जाण्याएवढं. संस्था बंद पडण्याच्या वाटेवर होती. आपलं काम तिच्याबरोबर गाडलं जाऊ नये, म्हणून त्यांनी बोर्डाचे आराखडे सगळ्यांसाठी खुले केले. नाव ठेवलं गावातल्या त्यांच्या नेहमीच्या बारचं, आणि त्या बारचं नाव होतं अकराव्या शतकातल्या आर्दुइन राजाच्या नावावरून. तोच हा आर्डुइनो.

आर्डुइनोचा 'ऊनो' हा बोर्ड हातात घेऊन नीट पाहण्यासारखा आहे. त्यावरची लांबट काळी एटीमेगा३२८पी चिप बोर्डाला डाग देऊन पक्की केलेली नसते, खोबणीत बसवलेली असते. उडाली, तर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने उचकटायची आणि दुसरी बसवायची. शिकणारा माणूस चुकणारच, हे धरून केलेली ही रचना आहे. याच बोर्डावर बनवणाऱ्यांची स्वतःचीही एक चूक आहे. पिनांच्या रांगेत सातव्या आणि आठव्या पिनेमधलं अंतर बाकीच्यांसारखं एक दशांश इंच नाही, ते ०.१६ इंच आहे. मांडणी करताना राहिलेली ही चूक लक्षात आली तोवर लोकांनी त्या पिनांवर बसणारे जोडबोर्ड बनवायला सुरुवात केली होती. चूक दुरुस्त केली असती, तर त्यांचे बोर्ड बसले नसते. म्हणून ती तशीच ठेवली. आज जगभरच्या असंख्य बोर्डांवर, तापकीर गल्लीत मिळणाऱ्या नकलांवरही, ती वेडीवाकडी फट इमानाने उमटलेली दिसते.

इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या एबेन अप्टन यांची काळजी याच जातीची होती. ऐंशीच्या दशकात तिथली मुलं 'बीबीसी मायक्रो'वर प्रोग्रॅम लिहीत वाढली. २००० नंतर केंब्रिजला संगणकशास्त्रासाठी अर्ज करणाऱ्यांची संख्या घसरत गेली, आणि येणाऱ्या मुलांना संगणक वापरता येत होता, पण त्याच्या आत हात घातलेला नव्हता. घालणार तरी कसा? घरातला एकुलता एक संगणक वडिलांच्या कामाचा. तो बिघडवण्याची मुभा कोणत्याच घरात नव्हती. अप्टन आणि सहकाऱ्यांनी काढलेलं उत्तर २९ फेब्रुवारी २०१२ला बाजारात आलं. ३५ डॉलरचा, पत्त्यांच्या कॅटएवढा, पेटी नसलेला उघडा संगणक: रास्पबेरी पाय. पहिल्या दिवशी मागणी एवढी उसळली, की विक्रेत्यांची संकेतस्थळं कोलमडली.

दिवाळी अंकाच्या वाचकाला विशेष वाटावी अशी गोष्ट नोव्हेंबर २०१५मधली. रास्पबेरी पायच्या 'द मॅगपाय' या मासिकाच्या चाळिसाव्या अंकाच्या मुखपृष्ठावर एक अख्खा संगणक चिकटवलेला होता, 'पाय झीरो'. सुटा घेतला तर किंमत पाच डॉलर. आपल्याकडे अंकाबरोबर कॅलेंडर येतं, राशिभविष्याची पुस्तिका येते; तिथे त्या महिन्यात संगणक आला.

इथे थोडं थांबून चुकांकडेच बघायला हवं, कारण या छोट्या बोर्डांच्या जगात चूक झाकण्याची पद्धत नाही आणि त्यातून फार सुरस गोष्टी घडल्या आहेत. २०१५च्या फेब्रुवारीत 'पाय २' बाजारात आला. एका वापरणाऱ्याने आपल्या नव्या बोर्डाचा कौतुकाने फोटो काढला आणि फ्लॅश पडताच बोर्ड बंद पडला. पुन्हा काढला, पुन्हा बंद. शोध घेता कळलं, की वीजपुरवठा सांभाळणारी एक इवलीशी चिप नेहमीच्या काळ्या आवरणाविना, जवळजवळ उघड्या सिलिकॉनच्या रूपात बसवलेली आहे. झेनॉन फ्लॅशचा तीव्र प्रकाश तिच्यावर पडला, की प्रकाशविद्युत परिणामाने तिचा तोल जातो. ज्या परिणामाच्या स्पष्टीकरणासाठी आइनस्टाइन यांना नोबेल मिळालं, तो असा टेबलावर येऊन उभा राहिला. उपाय काय, तर चिपवर भिंतीला पोस्टर चिकटवण्याच्या लगद्याचा एक गोळा दाबून बसवायचा.

२०१९च्या 'पाय ४'मध्ये यूएसबी-सी जोडणीत दोन स्वतंत्र रेझिस्टर हवे होते, तिथे एकच सामाईक वापरला गेला. त्यामुळे महागड्या, स्वतःची ओळख सांगणाऱ्या केबलींनी बोर्ड चालू होईना. बोर्डाचा नकाशा प्रसिद्ध झालेला असल्याने बाहेरच्या एका जाणकाराने तो वाचून नेमकी जागा दाखवली. कंपनीने चूक कबूल केली आणि पुढच्या आवृत्तीत ती सुधारली.

सगळ्यांत ताजी गोष्ट आरपी२३५० या चिपची. रास्पबेरी पायने स्वतः आखलेली ही दुसरी मायक्रोकंट्रोलर, म्हणजे छोटी उपकरणं चालवणारी, चिप ऑगस्ट २०२४मध्ये पाच डॉलरच्या 'पिको २' बोर्डावर आली. काही दिवसांतच स्वतंत्रपणे उपकरणं बनवणाऱ्यांच्या लक्षात आलं, की खाली, म्हणजे शून्य व्होल्टकडे, खेचलेली इनपुट पिन शून्यावर यायच्या ऐवजी सव्वादोन व्होल्टच्या आसपास अडकून बसते. बटण सोडलं तरी चिपला ते दाबलेलंच वाटतं. चिपच्या दोषपत्रकात 'ई९' क्रमांकाने ही त्रुटी नोंदली गेली. बाहेरून एक छोटा रेझिस्टर लावा, हा तात्पुरता उपाय सांगितला गेला आणि जुलै २०२५मध्ये दुरुस्त आवृत्ती जाहीर झाली. मधल्या काळात याच कंपनीने आणखी एक धाडस केलं. चिपच्या सुरक्षित कप्प्यात एक गुपित दडवून ते बाहेर काढणाऱ्याला बक्षीस लावलं, सुरुवातीला दहा हजार डॉलर, नंतर वीस हजार. जानेवारी २०२५मध्ये एक सोडून चार विजेते जाहीर झाले, आणि चौघांच्याही वाटा प्रसिद्ध केल्या गेल्या. पाच डॉलरच्या वस्तूची एवढी कठोर तपासणी जगभरच्या घरगुती टेबलांवर होते, ती वस्तू स्वस्त आहे म्हणूनच. ती उडवायला कोणी घाबरत नाही.

महाराष्ट्रात ही गोष्ट शेताच्या बांधावर वेगळं रूप घेते. शेतीच्या फीडरला थ्री फेज वीज पाळीपाळीने येते, एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्यात रात्री. रात्रीच्या पाळीत विहिरीवर जाऊन स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचं, म्हणजे अंधार, चिखल आणि सापकिरड्याची धास्ती. गेलं आणि वीजच नाही, असंही होतं. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांनी या अडचणीवर 'नॅनो गणेश' हे उपकरण तयार केलं. पंपाच्या स्टार्टरला मोबाइल जोडलेला. शेतकऱ्याने घरून फोन लावायचा, आवाजाच्या खुणेवरून वीज आहे की नाही ते ऐकायचं आणि आकडा दाबून पंप चालू करायचा. नोकियाने २००९मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय बक्षीस दिलं. त्यानंतर 'मोबाइल स्टार्टर' हा शब्द खेडोपाडी रुळला. आज तालुक्याच्या गावी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात बसणारा हुशार मुलगाही जीएसएम मॉड्यूल, रिले आणि एखादा मायक्रोकंट्रोलर जुळवून असा स्टार्टर बांधू शकतो.

मात्र इथे चुकीचा हिशेब बदलतो. मायक्रोकंट्रोलर उडाला तर चारशे रुपये जातात. तीनपैकी एक फेज गेलेला असताना मोटर चालू झाली, तर वाइंडिंग जळतं आणि हजारो रुपयांचं काम निघतं. विहिरीतलं पाणी तळाला गेलं आणि मोटर कोरडी चालत राहिली, तरी तेच. आणि ज्या पेटीत ४१५ व्होल्ट खेळतात, तिथे ओल्या हाताने केलेल्या चुकीला दुसरी संधी नसते. म्हणून प्रयोग करणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी सांगायची गोष्ट हीच: डाग न देता तारा खोचायच्या ब्रेडबोर्डवर पाच व्होल्टमध्ये वाटेल तेवढं उडव, भिंतीतल्या विजेला हात लावताना शेजारी वायरमन हवाच. फेज गेला की मोटर बंद करणारा प्रिव्हेंटर काढून टाकून त्याच्या जागी घरगुती जोडणी बसवणं हा आगीशी खेळ आहे.

चुकत शिकण्याला महाराष्ट्रात एक हक्काचं घर मिळालं, ते शिरूर तालुक्यातल्या पाबळला. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची मोठी नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये तिथल्या उजाड माळावर विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतून गळलेली मुलं तिथे वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती आणि पशुपालन हे सगळं प्रत्यक्ष करत शिकू लागली. गावातल्या लोकांची कामं घ्यायची, पैसे घेऊन ती करून द्यायची आणि बिघडलं तर परत करायची, असा तो अभ्यासक्रम. अमेरिकेत एमआयटीचे नील गर्शनफेल्ड १९९८पासून 'जवळजवळ काहीही कसं बनवावं' अशा अर्थाच्या नावाचा वर्ग घेत होते. संगणकावर काढलेलं चित्र यंत्राने थेट कापून, कोरून वस्तू बनवायची, हे त्याचं सूत्र. त्यासाठी लागणारी यंत्रं एका खोलीत आणून त्यांनी 'फॅब लॅब' उभारली, आणि एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या लॅबपैकी एक २००२मध्ये उघडली ती बोस्टनच्या उपनगरात किंवा बंगळुरूच्या टेक्नॉलॉजी पार्कमध्ये नाही, तर पाबळला. दुधाची प्रत तपासणं, डिझेल इंजिनाचं टायमिंग मोजणं, हे तिथले सुरुवातीचे विषय होते. गावाने विचारलेले प्रश्नच ते. आज जगभरात अशा दोन हजारांहून अधिक लॅब आहेत. त्या मालिकेच्या आरंभी पाबळचं नाव आहे, ही गोष्ट मराठी शाळांच्या पाठ्यपुस्तकात असायला हवी.

कलबाग २००३मध्ये गेले. ईएसपी३२ त्यांनी पाहिला नाही. तो आला २०१६मध्ये. तो बनवणारी शांघायमधली एस्प्रेसिफ ही कंपनी सिंगापूरच्या टिओ स्वी आन यांनी २००८मध्ये काढली. २०१४मध्ये तिची ईएसपी८२६६ ही चिप असलेलं, पोस्टाच्या तिकिटाएवढं वाय-फायचं मॉड्यूल बाजारात आलं. किंमत काही डॉलर, माहितीपत्रक फक्त चिनी भाषेत. हौशी लोकांनी ते स्वतः भाषांतरित करून घेतलं, आतल्या चिपवर स्वतःचा प्रोग्रॅम चढवता येतो हे शोधून काढलं आणि जे मॉड्यूल दुसऱ्या बोर्डाला मदतनीस म्हणून विकलं जात होतं, तेच मुख्य बोर्ड बनलं. कंपनीने लोकांना अडवलं नाही. उलट त्यांची साधनं जवळ केली. या कंपनीचं सॉफ्टवेअरचं बरंचसं काम आज पुण्यातल्या केंद्रातून चालतं. तापकीर गल्लीतून घेतलेल्या बोर्डात जो प्रोग्रॅम धावतो, त्यातले काही भाग पुण्यातच लिहिले गेलेले असतात.

एस्प्रेसिफच्या नव्या चिपांमध्ये आणखी एक मोठा बदल झाला आहे, आणि तो बोर्डावर दिसत नाही. प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांचा एक ठरावीक संच असतो. त्याची बोलीभाषाच म्हणा. इंटेलची बोली इंटेलची, आर्मची बोली आर्मची. ती वापरून चिप बनवायची, तर परवाना हवा. २०१०मध्ये बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात क्रस्ते असानोविच, डेव्हिड पॅटरसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 'रिस्क-फाइव्ह' नावाची नवी बोली आखली आणि ती कोणालाही वापरू दिली. एस्प्रेसिफच्या अलीकडच्या चिपा याच बोलीत बोलतात. वर आलेल्या आरपी२३५०मध्ये आर्मचे दोन गाभे आहेत आणि शेजारी 'हॅझर्ड३' नावाचे रिस्क-फाइव्हचे दोन. हॅझर्ड३ हा ल्यूक रेन या अभियंत्याने आपल्या फावल्या वेळात आखलेला, पूर्णपणे खुला गाभा. एका माणसाचा रात्रीचा छंद कारखान्यात छापल्या जाणाऱ्या चिपमध्ये जाऊन बसला. नानजिंगच्या डब्ल्यूसीएच कंपनीची सीएच३२व्ही००३ ही छोटी रिस्क-फाइव्ह चिप तर दहा सेंटच्या आसपास मिळते. कटिंग चहाच्या भावात ४८ मेगाहर्ट्झ.

परवान्याचा अडसर निघाल्यावर भारतातही हालचाल झाली. मद्रासच्या आयआयटीत व्ही. कामकोटी यांच्या नेतृत्वाखाली 'शक्ती' प्रोसेसर तयार झाले. त्यातली एक चिप चंडीगडजवळच्या मोहालीतल्या सरकारी सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत बनली. १९८९च्या आगीत होरपळलेली, वर्षानुवर्षं जुन्या यंत्रसामग्रीवर काम काढणारी ही संस्था आता विद्यार्थ्यांनी आखलेल्या चिपाही बनवून देते. सी-डॅक म्हटलं, की मराठी माणसाला विजय भटकर आणि १९९१चा 'परम ८०००' महासंगणक आठवतो. त्याच सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्राने 'वेगा' ही प्रोसेसरांची मालिका केली आहे. तिच्यातल्या 'तेजस३२' या चिपचा 'एरीज' हा बोर्ड आर्डुइनोच्याच पद्धतीने चालवता येतो. डिसेंबर २०२५मध्ये सी-डॅकने 'ध्रुव६४' हा एक गिगाहर्ट्झचा दोन गाभ्यांचा प्रोसेसर जाहीर केला. फोनमधल्या चिपांपुढे हा वेग कमी आहे, यात वाद नाही. पण पंप, मीटर, सिग्नल, वैद्यकीय मॉनिटर चालवायला तेवढा वेग पुरून उरतो, आणि आतली प्रत्येक तार कुठे जाते हे सांगणारी माणसं देशात आहेत. आता गरज आहे ती हे बोर्ड लॅमिंग्टन रोडच्या काउंटरवर, ईएसपी३२च्या भावात, मागितल्याबरोबर मिळण्याची. जोवर मुलगा "दोन द्या" म्हणू शकत नाही, तोवर तो स्वदेशी बोर्ड समारंभाच्या टेबलावरच राहील.

चिप स्वतःच बनवून घेण्याची हौसही आता आटोक्यात आली आहे, निदान काही प्रमाणात. सिलिकॉनची एक अख्खी चकती एकट्याने घेणं कोणालाच परवडत नाही, म्हणून शेअर रिक्षासारखी व्यवस्था: अनेकांचे आराखडे एकाच चिपवर बसवायचे आणि भाडं वाटून घ्यायचं. लिन कॉनवे यांनी १९७८मध्ये एमआयटीच्या वर्गात विद्यार्थ्यांच्या चिपा अशाच एकत्र छापून घेतल्या होत्या. मॅट व्हेन यांनी २०२२मध्ये सुरू केलेल्या 'टायनी टेपआउट' या उपक्रमात साधारण हजार लॉजिक गेट मावतील एवढी जागा काही शे डॉलरांत मिळते. इथे चूक अजून महाग आहे, कारण चिप हातात यायला कित्येक महिने लागतात. शिवाय रिक्षाच मध्ये बंद पडू शकते. या उपक्रमाच्या चिपा छापून आणणारी ईफॅबलेस कंपनी मार्च २०२५मध्ये अचानक बंद झाली आणि वाटेवर असलेले आराखडे काही काळ अधांतरी राहिले. टायनी टेपआउटने जर्मनीतल्या आयएचपी संस्थेच्या मदतीने पुढचा रस्ता काढला.

या सगळ्या स्वस्ताईवर २०२५च्या अखेरीस सावली पडली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना स्मृतीच्या चिपा प्रचंड संख्येने लागतात, आणि त्या बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या मोजून तीन: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. त्यांनी आपलं उत्पादन जास्त भाव देणाऱ्या गिऱ्हाइकाकडे वळवलं. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने घरगुती ग्राहकांसाठीचा आपला 'क्रुशल' हा छापच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात १६ गिगाबाइटचा 'पाय ५' १२० डॉलरवरून १४५ डॉलरवर गेला. एक गिगाबाइटचा नवा, साधा पाय ४५ डॉलरला काढून कंपनीने खालची पायरी शाबूत ठेवण्याचा प्रयत्न केला, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. तरीही ३५ डॉलरपासून निघालेली वस्तू शंभर डॉलरच्या पार जाते, तेव्हा तिला पुन्हा घरातल्या एकुलत्या एका संगणकाची अवस्था येते. ती बिघडवायला पुन्हा भीती वाटते. ईएसपी३२ आणि पिको या वावटळीतून बरेच सुटले, कारण त्यांची थोडीशी कामाची स्मृती (रॅम) त्याच चिपच्या पोटात असते. वेगळी विकत आणावी लागत नाही.

आर्डुइनोच्या घरीही बदल झाला. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी क्वालकॉमने आर्डुइनो विकत घेत असल्याचं जाहीर केलं. त्याच दिवशी 'ऊनो क्यू' हा नवा बोर्ड आला: एकीकडे लिनक्स चालवणारा क्वालकॉमचा प्रोसेसर, दुसरीकडे जुन्या पद्धतीचा मायक्रोकंट्रोलर. पुढच्याच महिन्यात सेवेच्या नव्या अटींवरून बनवणाऱ्यांच्या जगात मोठी खळबळ उडाली. आतलं उलगडून पाहण्यावर बंदी येते की काय, अशी शंका होती. आराखडे खुलेच राहतील, असं आर्डुइनोने स्पष्ट केलं. एवढ्या मोठ्या कंपनीच्या छताखाली चिप खोबणीत बसवण्याची ती वृत्ती टिकते का, इकडे लक्ष ठेवायला हवं. एक दिलासा आहे. जे आराखडे एकदा खुले झाले, ते परत घेता येत नाहीत. इव्रेआच्या लोकांनी संस्था बुडताना जे केलं, त्याचं महत्त्व आता वीस वर्षांनी कळतं.

शेवटी प्रश्न येतो शाळेपाशी. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून देशात दहा हजार अटल टिंकरिंग लॅब उभ्या राहिल्या; सहावी ते बारावीच्या मुलांनी तिथे सेन्सर, रोबो, थ्री-डी प्रिंटर हाताळावेत, ही कल्पना. २०२५च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांसाठी आणखी पन्नास हजार लॅबची घोषणा झाली. योजना चांगली आहे आणि ती व्हावीच. अडचण एका जाड वहीत आहे. शाळेत आलेली टिकाऊ वस्तू डेड स्टॉक रजिस्टरला चढते. ती मोडली, तर निर्लेखनाची कागदपत्रं, सह्या, तपासणीच्या वेळी खुलासे. ज्या बाईंच्या नावावर लॅब आहे, त्यांना वर्षअखेर प्रत्येक नग मोजून दाखवायचा असेल, तर कपाटाला कुलूप लागणारच. यात बाईंचा दोष नाही. पूर्वी इंजिनीअरिंग कॉलेजात ८०८५ प्रोसेसरचा सरावाचा किट काचेच्या कपाटात असायचा आणि चौघांच्या गटातला एकच जण बटणं दाबायचा, बाकीचे तिघे वहीत उतरवून घ्यायचे. त्याच दृश्याची ही शाळेतली आवृत्ती होईल.

रजिस्टरमध्ये दुसरंही पान असतं, उपभोग्य वस्तूंचं. खडू, फिनाइल, प्रयोगशाळेतलं आम्ल, फिल्टर पेपर यांची नोंद तिथे होते आणि ते संपले म्हणून कोणी खुलासा मागत नाही. ईएसपी३२, ऊनो, सेन्सर, जंपर तारा, एलईडी या सगळ्याची जागा त्या पानावर आहे. अटल लॅबच्या अनुदानात उभारणीसाठी दहा लाख आणि पाच वर्षं चालवण्यासाठी दहा लाखांपर्यंत रक्कम धरलेली होती, म्हणजे वर्षाला दोन लाख. त्याचा दहावा हिस्सा वीस हजार. पाचशे रुपयांना एक या भावाने, दर वर्षी चाळीस बोर्ड उडवता येतात.